साईट चालते, पण गूगलला आतली पानं दिसत नाहीत: जावास्क्रिप्ट लिंकांचं उलटून येणारं दुखणं

तक्रार बहुतेक एकाच साच्याची असते. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधलं दुकान असो, शाहूपुरीतला गूळ व्यापारी असो की उद्यमनगरातली फाउंड्री, मालक म्हणतो, "साईट कडक झालीया, मेनू दाबला की पान उघडतंय, पण गूगलवर दुकानाचं नाव टाकलं तरच आम्ही दिसतोय. 'कापशी चप्पल' टाकलं की गायब." कुणीतरी दुरुस्त करून देतं, काही आठवड्यांनी पानं दिसायला लागतात आणि पुढच्या नवरात्र-दिवाळीच्या तोंडावर पुन्हा तेच. मग खापर फुटतं गूगलवर, नाहीतर गूगलमध्ये साईट वर आणून देतो म्हणून महिन्याला पैसे घेणाऱ्या एसईओवाल्यावर. एसईओवाल्याचा दोष असूही शकतो, नाही असं नाही. पण दुखणं उलटून येत असेल तर साईटवरच्या लिंका कशा बनल्यात ते आधी तपासावं.

यात गंमत अशी, की ज्या जावास्क्रिप्ट लिंकांमुळे (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्क्रिप्टनं बनवलेल्या लिंकांमुळे) पानं गायब होतात, त्याच लिंका रँक, म्हणजे गूगलमधला क्रमांक, वाढवायचं औषध म्हणून विकल्याही जातात. म्हणून दोन्हीचा निकाल इथंच लावू. आधी बिघाड, मग ते औषध.

पहिली तपासणी नुसत्या माऊसनं

कुठलंही टूल उघडू नका. कॉम्प्युटरवर मालाच्या यादीचं पान उघडा आणि एखाद्या चपलेच्या नावावर माऊसचं उजवं बटण दाबा. 'लिंक नव्या टॅबमध्ये उघडा' असा पर्याय आला तर ती लिंक. नाही आला तर ते लिंकेसारखं दिसणारं दुसरंच काहीतरी आहे. मोबाईलवर बोट दाबून धरलं की हेच कळतं. पर्याय आला तरी थांबा. लिंकेवर माऊस नेला की ब्राउझरच्या खालच्या कोपऱ्यात पत्ता दिसतो, तो वाचा. तिथं नुसता हॅश किंवा 'जावास्क्रिप्ट व्हॉइड' असलं काही दिसलं, तर कवच लिंकेचं आहे आणि आत पत्ता नाही.

गूगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्रॅम, खात्रीनं लिंक धरतो ती एकच: अँकर टॅग (कोडमधली लिंकेची खूण), त्यात एचरेफ (पत्ता लिहायची जागा), आणि त्या एचरेफमध्ये खरा पत्ता. गूगलच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. डिव्ह, स्पॅन (पानातले साधे तुकडे) किंवा बटण घेऊन त्याला ऑनक्लिक (दाबल्यावर काय करायचं तो आदेश) जोडलं की माणसाचं काम होतं, कारण माणूस दाबतो. गूगलबॉट दाबत नाही. बिंदू चौकात उभं राहून "चप्पल लाईन कुठं?" असं विचारणाऱ्याला कुणीही हात धरून नेऊन सोडेल, पण न विचारता फक्त पाट्या वाचत जाणारा माणूस पाटी नसली की सरळ पुढं निघून जातो.

इथं बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात आणि "जावास्क्रिप्ट वापरलं की गूगलमधून गेलात" असं सांगत फिरतात. तेही खरं नाही. गूगलनं २०१४ मध्येच जाहीर केलं होतं की पानं वाचताना ते जावास्क्रिप्ट चालवून बघतात. मे २०१९ पर्यंत त्यासाठी क्रोमची ४१ नंबरची जुनाट आवृत्ती वापरली जायची, त्यामुळे नव्या पद्धतीचा कोड तिथं मोडून पडायचा. त्यानंतर गूगलबॉट चालू क्रोमबरोबर अद्ययावत राहायला लागला. रेंडर व्हायला, म्हणजे स्क्रिप्ट चालून पान उभं राहायला, दिवसच्या दिवस लागतात ही भीतीही जुनी. २०१९ च्या अखेरीस गूगलच्याच लोकांनी मध्यांक पाच सेकंदांचा सांगितला होता. म्हणजे लिंक स्क्रिप्टनं बनवली म्हणून वाया जात नाही. स्क्रिप्ट चालून झाल्यावर पानात शेवटी अँकर आणि पत्ता उभा राहिला का, एवढंच महत्त्वाचं.

आणि तो उभा राहिला का, हे बघायची जागा म्हणजे सर्च कन्सोल, साईटमालकांसाठीचं गूगलचं टूल. यादीच्या पानाचा पत्ता यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाका, लाईव्ह टेस्ट चालवा आणि तपासलेल्या पानाचं एचटीएमएल उघडा. स्क्रीनशॉटवर समाधान मानू नका, त्यात पानाचा वरचाच भाग येतो आणि लिंक खरी की खोटी ते चित्रात कळत नाही. एचटीएमएलमध्ये एखाद्या चपलेच्या पानाचा पत्ता शोधा. सापडला तर लिंकेचं ठीक आहे, आजार दुसरा आहे. नाही सापडला तर पुढचं वाचा.

आणखी एक खूण. हरवलेल्या पानाचाच पत्ता तपासला तर गूगलला ते पान कुठून कळलं तेही दिसतं. तिथं साईटमॅपचं (साईटवरच्या पत्त्यांच्या यादीचं) नाव आहे पण 'रेफरिंग पेज' (लिंक देणारं पान) रिकामं आहे, आणि स्थिती 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' (पत्ता कळलाय, पण पान गूगलच्या यादीत घेतलेलं नाही) अशी आहे, तर अर्थ बऱ्यापैकी उघड आहे. साईटमॅपमुळे पत्ता कळला, पण तुमच्याच साईटवरचं एकही पान त्याच्याकडे बोट दाखवत नाही. "साईटमॅप दिलाय की!" हे उत्तर मला नेहमी मिळतं. दिलाय, चांगलं केलंत. पण साईटमॅपमुळे फक्त पान आहे एवढं कळतं. ते पान तुमच्या साईटवर किती महत्त्वाचं आहे, हे आतल्या लिंकांवरून ठरतं.

उलटून का येतं: वेगाचं प्लगइन

परत परत येणाऱ्या तक्रारीत मला सगळ्यात जास्त संशय इथं येतो, म्हणून जरा सविस्तर.

सण जवळ आला की मालक पेजस्पीडचा, म्हणजे गूगलच्या वेग-चाचणीचा, आकडा बघतो. मोबाईलचा आकडा लाल. कुणीतरी वेग वाढवणारं प्लगइन (साईटला जोडायचा तयार प्रोग्रॅम) टाकतं आणि त्यातली 'जावास्क्रिप्ट उशिरा चालवा' ही खूण चालू करतं. आकडा एका दिवसात हिरवा. सगळे खूश. या सोयीचं आतलं काम असं आहे, की पान उघडल्यावर स्क्रिप्ट अडवून ठेवल्या जातात, आणि वापरणाऱ्यानं स्क्रीनला हात लावला, सरकवली किंवा माऊस हलवला की मगच सोडल्या जातात. चॅटच्या बुडबुड्यासाठी, जाहिरातीच्या मोजमापासाठी हे झकास. पण तुमची मालाची यादीच जर स्क्रिप्ट आणून मांडत असेल, तर हात लागेपर्यंत ती यादी जन्मालाच येत नाही. गूगलबॉट हात लावत नाही, सरकवत नाही. त्याच्या दृष्टीनं तुमच्या दुकानात वर नाव, खाली फोन नंबर आणि मध्ये रिकामी भिंत.

हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण साईट बघणारा प्रत्येक माणूस नकळत हात लावतोच. म्हणून चाचणीही तशीच करायची. पान नव्यानं उघडा, हात मांडीवर ठेवा, माऊसला शिवू नका, दहा सेकंद नुसतं बघत बसा. यादी आली नाही आणि माऊस हलवताच टपकली, तर चोर सापडला.

तात्पुरता उपाय म्हणजे यादी आणणारी स्क्रिप्ट प्लगइनच्या अपवादांत टाकायची. पण मी यावर थांबू नका म्हणेन. पुढच्या अपडेटला स्क्रिप्टच्या फाईलचं नाव बदलतं, अपवाद निकामी होतो आणि नवरात्रात तुमचा फोन वाजतो. पक्का उपाय म्हणजे यादी आणि तिच्यातल्या लिंका सर्व्हरवरूनच तयार एचटीएमएलमध्ये पाठवायच्या. फिल्टर, झूम, कार्टची हालचाल जावास्क्रिप्टवर राहू दे. स्क्रिप्ट अडली, मोडली, उशिरा आली तरी लिंका जागेवर असतात, आणि जे सर्च बॉट गूगलइतकं जावास्क्रिप्ट चालवत नाहीत त्यांनाही त्या दिसतात.

याच घरातला दुसरा चोर म्हणजे रोबोट्स फाईल, बॉटनी काय वाचू नये ते सांगणारी. यादी ज्या एपीआयवरून, म्हणजे सर्व्हरकडून माहिती आणायच्या रस्त्यानं, येते तो रस्ता कुणीतरी 'सुरक्षेसाठी' त्या फाईलमध्ये बंद केलेला असतो. ब्राउझर ही फाईल मानत नाही, म्हणून गिऱ्हाईकाला सगळं दिसतं. गूगलबॉट मानतो, म्हणून त्याला यादी मिळत नाही. सीएसएस आणि जावास्क्रिप्ट बॉटपासून अडवू नका, हे गूगलनं २०१४ च्या ऑक्टोबरमध्येच सूचनांमध्ये घातलं होतं. तरी दर नव्या डेव्हलपरबरोबर ही ओळ परत येते.

बाकीची कारणं भरभर

'आणखी दाखवा' हे बटण. पहिल्या बारा चपला दिसतात, उरलेल्या बटणामागे. बटण ठेवा, पण त्याच्या जागी किंवा खाली पान दोन, पान तीन अशा खऱ्या पत्त्यांच्या लिंका हव्यात. सरकवत गेलं की भरत जाणाऱ्या यादीचंही तेच. 'रेल नेक्स्ट, रेल प्रीव्ह' या पुढच्या-मागच्या पानाच्या खुणा लावून भागेल असं अजून कुणी सांगत असेल तर गूगलनं २०१९ मध्येच आपण ते वापरत नसल्याचं सांगून टाकलंय.

हॅशवाले पत्ते. पत्त्यात हॅश आणि त्यानंतर मालाचं नाव असेल तर हॅशच्या पुढचं गूगल सोडून देतं, त्यामुळे शंभर वस्तूंची शंभर पानं त्याला एकच वाटतात. पूर्वी हॅशला उद्गारचिन्ह जोडून एक पळवाट होती, ती २०१५ मध्ये मोडीत काढली गेली. आज राउटरला (पत्त्यावरून पान दाखवणाऱ्या कोडला) हिस्टरी एपीआयवर (हॅशशिवाय पत्ता बदलायच्या ब्राउझरच्या सोयीवर) हलवणं हाच रस्ता, आणि चुकीच्या पत्त्याला सर्व्हरनं खरोखरचा ४०४, म्हणजे 'पान नाही' हा निरोप, द्यायला हवा.

रिअ‍ॅक्टमध्ये (साईट बांधायचा जावास्क्रिप्टचा तयार सांगाडा) नव्यानं बांधलेली साईट. कार्डाच्या डिव्हवर क्लिक आणि त्यातून राउटरला ढकलणं, हे पोरांच्या हाताला बसलेलं वळण आहे. फ्रेमवर्कचा स्वतःचा लिंक कंपोनंट वापरला तर तो अँकरच छापतो, आणि पान न झटकता उघडण्याची मजाही तशीच राहते. आख्खं कार्ड दाबता यायला हवं असेल तर मालाच्या नावावर खरी लिंक ठेवा आणि सीएसएसनं तिचं क्षेत्र कार्डभर पसरवा.

भाषेचं बटण मात्र थोडं थांबून बघण्यासारखं आहे, कारण आपल्याकडच्या कितीतरी साईटांत ते चुकलेलं असतं. वर 'मराठी' आणि 'इंग्रजी' अशी दोन बटणं. दाबलं की पत्ता तोच राहतो, मजकूर तेवढा बदलतो, आणि निवड ब्राउझरच्या साठवणीत लिहून ठेवली जाते. गूगलबॉट बटण दाबत नाही, आणि एका पानावरची साठवण दुसऱ्या पानावर नेत नाही. त्याचं बरंचसं क्रॉलिंग (पानं वाचत फिरणं) अमेरिकेतून होतं, त्यामुळे 'भारतातून आला तर मराठी दाखवा' हा हुशारपणाही तिथं उपयोगी पडत नाही. परिणाम असा, की मेहनतीनं लिहिलेला मराठी मजकूर गूगलनं कधी वाचलेलाच नसतो. मराठी पानाला स्वतःचा पत्ता द्या, दोन्ही भाषांची पानं एकमेकांना साध्या लिंकांनी जोडा, वर एचरेफलँग ही पानाची भाषा सांगणारी खूण लावा.

आता औषध: लिंक लपवून रँक वाचवणं

"मालक, तुमच्या पानावरून बाहेर ज्या लिंका जातात त्यातनं तुमची ताकद गळतीय. त्या जावास्क्रिप्टमध्ये लपवू, सगळी ताकद मालाच्या पानांना मिळंल." हे वाक्य ऐकून पैसे मोजलेले लोक मला भेटतात. याला थोडा इतिहास आहे.

१९९८ मध्ये स्टॅनफर्डला ब्रिन आणि पेज यांनी मांडलेल्या पेजरँकची मूळ कल्पना अशी, की पानाचं वजन त्यावरच्या लिंकांत वाटलं जातं. जानेवारी २००५ मध्ये स्पॅम रोखायला नोफॉलो, म्हणजे 'ही लिंक धरू नका' असं सांगणारी खूण, आली, आणि लोकांनी तिचा वेगळाच उपयोग शोधला: नको त्या लिंकांना नोफॉलो लावायचं म्हणजे हव्या त्या लिंकांचा वाटा वाढतो. जून २००९ मध्ये गूगलच्या मॅट कट्सनी हे दार बंद झाल्याचं सांगितलं. त्यांचा हिशोब सोपा होता. पानाकडे दहा गुण, दहा लिंका, त्यातल्या पाच नोफॉलो. पूर्वी उरलेल्या पाचांना प्रत्येकी दोन गुण मिळायचे. आता प्रत्येकी एकच मिळतो, बाकीचे पाच हवेत जातात. त्यानंतर ज्यांना वाटणीचं हे कोरीवकाम सोडवेना ते जावास्क्रिप्टकडे वळले. लिंक दिसलीच नाही तर वाटणीत धरली जाणार नाही, हा त्यांचा तर्क.

कागदावर तर्क बरोबर आहे, हे मान्य करायला हवं. पण लपवायची म्हणून जी लिंक तुम्ही स्क्रिप्टनं बनवता ती रेंडर झाल्यावर अँकर म्हणून उभी राहिली, तर ती साधी लिंकच ठरते, लपवणं फुकट. खरंच लपली, तर ज्या पानाकडे ती जात होती त्या पानाचा आधार गेला, आणि ते पान बहुतेक वेळा तुमचंच असतं: संपर्क, परतीचे नियम, आमच्याविषयी. पन्नास-शंभर पानांच्या दुकानाला या वाटणीच्या खेळातून काही हाती लागतं असं मला वाटत नाही. तेवढ्या वेळात लिंकेवरचे शब्द सुधारा. बारा कार्डांवर बारा वेळा 'अधिक माहिती' लिहिण्यापेक्षा 'कापशी चप्पल, पुरुष' असं लिहिलेली लिंक गूगलला पुढच्या पानाविषयी काहीतरी सांगते. लिंक फोटोवर असेल तर फोटोचा आल्ट मजकूर (फोटोचं कोडमधलं वर्णन) लिंकेच्या शब्दांचं काम करतो. तो रिकामा असेल किंवा कॅमेऱ्यानं दिलेला फाईलचा नंबर तिथं असेल तर संधी गेली.

बाहेर जाणारी लिंक पैसे घेऊन दिलेली असेल तर लपवाछपवी नको, तिला 'स्पॉन्सर्ड' लावा. सप्टेंबर २०१९ पासून त्यासाठी वेगळी खूण आहे, नोफॉलोही चालतं. फक्त ती खूण लिंकेबरोबर सर्व्हरवरूनच आली पाहिजे. आधी लिंक आणि मागाहून स्क्रिप्टनं खूण, असं केलं तर खूण चिकटायच्या आधीच लिंक वाचली जाण्याचा धोका राहतो.

औषधाचा दुसरा प्रकार म्हणजे स्क्रिप्टनं लिंका पेरणं. व्हिजिटर काउंटर, हवामानाचा चौकोन, सोन्या-चांदीचा भाव दाखवणारी पट्टी असं काहीतरी फुकट वाटायचं, आणि ज्या ज्या साईटवर ते बसेल तिथं आत आपली लिंक ठेवायची. गुजरीतल्या किंवा हुपरीच्या चांदीवाल्याला भावाची पट्टी हवीशी वाटणारच. वाटणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर विजेटमध्ये दडवलेल्या, नेमके शब्द कोंबलेल्या लिंका गूगलच्या स्पॅम धोरणात नाव घेऊन लिहिलेल्या आहेत. २०१२ च्या लिंक-स्पॅमविरुद्धच्या पेंग्विन अपडेटपासून अशा लिंकांवर लक्ष आहे, आणि २०१६ नंतर त्या बहुतेक वेळा नुसत्या शून्य धरल्या जातात. म्हणजे पैसे देऊन शून्य विकत घ्यायचं. घेणाऱ्याच्या बाजूनं आणखी वाईट: त्या परक्या स्क्रिप्टमध्ये उद्या काय येईल यावर तुमचा ताबा नसतो.

साईट साफ, तरी लिंका परक्या

हा प्रकार कमी दिसतो, पण दिसला की घाम फुटतो. फुकटात मिळालेली, म्हणजे विकतची चोरून वाटलेली थीम (साईटचा तयार साचा) बसवलेली असते. मालकाला पान स्वच्छ दिसतं, आणि सर्च कन्सोलमधल्या एचटीएमएलमध्ये जुगाराच्या साईटांच्या लिंकांची रांग. त्या फक्त बॉटला दाखवल्या जातात किंवा स्क्रिप्टनं पडद्याबाहेर ढकललेल्या असतात. तुमच्या साईटची पत वापरून दुसऱ्याची रँक वाढवण्याचा हा धंदा. लिंका पुसल्या तरी दोन दिवसांत परत येतात, कारण पेरणारी फाईल आतच असते. थीम मुळापासून नवी आणि अधिकृत घ्या, प्लगइन पुन्हा बसवा, सगळे पासवर्ड बदला, अनोळखी अ‍ॅडमिन काढा. सर्च कन्सोलमध्ये 'सिक्युरिटी इश्यूज' आणि 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' उघडून बघा, आणि मालकांच्या यादीत न ओळखणारा ईमेल दिसला तर तोही काढा. त्याची पडताळणीची फाईल सर्व्हरवर राहिली तर तो परत आत येऊ शकतो, म्हणून ती आधी पुसा.

दुरुस्ती झाल्यावर

लिंका दुरुस्त झाल्या की एकेका चपलेचं पान घेऊन इंडेक्सिंगची (गूगलच्या यादीत घेण्याची) विनंती करत बसू नका, रोजची मर्यादा लगेच संपते. मुख्य पान आणि यादीची पानं, एवढ्यांची विनंती करा. तिथून गूगलबॉट लिंका धरून स्वतः आत जातो. साईटमॅप पुन्हा पाठवला तर बरं. मग थांबा. दोन-चार दिवसांत काही दिसलं नाही म्हणून कुणी परत थीम बदलली, की सगळं पहिल्यापासून. लिंका नीट असून पानं 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' (वाचलं, पण यादीत घेतलं नाही) मध्येच अडकली असतील तर लिंकांमागे लागू नका, पानावरचा मजकूर बघा. चाळीस चपलांना एकच वर्णन चिकटवलेलं असलं तर तिथं जावास्क्रिप्टचा दोष नाही.

डेव्हलपरशी काम ठरवताना कागदावर एक ओळ घालून घ्या: प्रत्येक थीम, प्लगइन किंवा वेगाच्या बदलानंतर यादीच्या पानाची लाईव्ह टेस्ट आणि हात न लावता दहा सेकंदांची चाचणी, दोन्ही करून दाखवायच्या. आणि सर्च कन्सोलची मालकी दुकानाच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवा, डेव्हलपरला फक्त वापरण्यापुरता प्रवेश द्या. नाहीतर डेव्हलपर बदलला की सर्च कन्सोलचा प्रवेशही त्याच्याबरोबर निघून जातो, आणि मग पानं कधीपासून गायब आहेत हे बघायलाही आधी मालकी नव्यानं सिद्ध करावी लागते.